पाय सावरत आलेली घोडी गोठ्याबाहेर पडायला घाबरते. तिचा विश्वास परत कसा मिळवावा?

आपल्या प्रश्नावरून मला परिस्थिती अशी समजली. दारव्हा तालुक्यातल्या आपल्या गावी वरातीसाठी पाळलेली सात वर्षांची घोडी अक्षय तृतीयेच्या सुमारास फटाक्यांच्या माळेला बुजून पडली आणि तिच्या पुढच्या उजव्या पायाच्या नळीमागची कंडरा, म्हणजे आपण जिला नस म्हणतो ती, दुखावली. डॉक्टरांनी आता तिला दोराने धरून हळूहळू फिरवायला सांगितले आहे. पण ती गोठ्याच्या दाराबाहेर पाऊल टाकत नाही, पायाला हात लावू देत नाही आणि मोटारसायकलचा आवाज आला तरी उसळते. तिची भीती कशी घालवावी, आणि तुळशीच्या लग्नानंतर तिला वरातीला नेता येईल का, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. येत्या लग्नसराईत तिला नेऊ नका. घोड्याची कंडरा भरून यायला साधारणपणे 9 ते 12 महिने लागतात. सूज उतरते आणि लंगडणे थांबते ते त्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे जनावर बरे झाले असे वाटते, पण आतले तंतू अजून कच्चे असतात. ते कितपत जुळले आहेत हे सोनोग्राफीत दिसते. आपल्या डॉक्टरांना विचारून अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्थेत किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यासाठी चौकशी करावी. वरातींवर आपल्या घराचा हंगाम चालतो याची मला पूर्ण जाणीव आहे, तरीही हेच सांगतो.

मी पशुवैद्यक नाही. वर्धा जिल्ह्यात आमच्या घरी वडिलांच्या काळापासून घोडी आहेत आणि दुखावलेली जनावरे फिरवून पायावर आणण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवातून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धडधाकट घोडे बुजले, चार उड्या मारून शांत झाले, तर फारसे बिघडत नाही; भरत आलेल्या कंडरेला मात्र तशी एक उडीही पुन्हा फाटायला पुरते. म्हणून ‘भीती वाटू द्या, सवय होईल’ ही नेहमीची रीत आपल्या घोडीसाठी चालणार नाही. तिची भीती उसळण्याआधीच आपण थांबायचे, आणि ते थांबणे रोज इतके नेमाने करायचे की हा माणूस आपल्याला पेलवणार नाही तिथे नेत नाही, हे तिला उमगले पाहिजे.

त्याआधी ही भीती आहे की वेदना, हे पाहावे लागेल. भीतीला बहुधा एक जागा किंवा वस्तू असते: दार, ट्रॅक्टर, उघडलेली छत्री. वेदना पायाबरोबर चालते. वळताना, कडक जमिनीवर किंवा बसून उठल्यावरच्या पहिल्या पावलांत ती जास्त दिसते, आणि दुखऱ्या जागी हाताला ऊब लागते. चेहराही बोलतो. घोड्याची वेदना चेहऱ्यावरून ओळखण्याची एक पद्धत संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केली. तिच्यात 6 खुणा पाहतात: ताठ मागे गेलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्याच्या वरच्या भागातला ताण, जबड्याचे फुगलेले स्नायू, घट्ट मिटलेले ओठ आणि ताणलेल्या नाकपुड्या. घोडी एकटी, निवांत उभी असतानाही यातल्या बऱ्याच खुणा दिसत असतील, तर विश्वासाचे काम बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. नाडीही मोजायला शिकून घ्या. जबड्याच्या खालच्या कडेला आतून बोटे लावली की ती लागते. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. सतत वाढलेली नाडी हे वेदनेचेही लक्षण असू शकते आणि भीतीचेही, पण दोन्ही वेळा तो दिवस फिरवण्याचा नव्हे.

आता गोठ्याकडे येऊ. आपण तिला अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून बांधता, असे प्रश्नात लिहिले आहे. पिछाडी आजच सोडा. मागचे पाय बांधलेले घोडे दचकले की सगळा जोर पुढच्या पायांवर घेते, आणि तिचा दुखरा पाय पुढचाच आहे. शक्य असेल तर साधारण 12 फूट लांब-रुंद जागा बांबूंनी बंदिस्त करून तिला मोकळी ठेवा आणि खाली कोरड्या गवताचा जाड थर द्या. घोडे उभ्याने डुलकी घेते, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते. जागा अपुरी किंवा असुरक्षित वाटली तर ते आडवे होत नाही, आणि अनेक रात्री नीट न झोपलेले जनावर दिवसा चिडचिडे आणि दचकरे होते. तिला एकटीही ठेवू नका. दुसरे घोडे नसेल तर शेळी चालते, नजरेच्या टप्प्यात शांत बैल असला तरी फरक पडतो.

काम बंद असताना हरभऱ्याची चंदी, म्हणजे रोजचा दाणा, पूर्वीइतकीच चालू असेल तर ती बरीच कमी करा. रिकाम्या बसलेल्या घोड्याला भरपूर दाणा दिला की त्याच्या अंगात नुसती खुमखुमी साठते, आणि पुन्हा चालवायला काढल्यावर स्नायू आखडून गंभीर आजारही होऊ शकतो. त्याऐवजी वाळलेले गवत आणि स्वच्छ कडबा थोडा थोडा करून दिवसभर समोर असू द्या. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. पोट तासन् तास रिकामे राहिले, आणि त्यात वेदनाशामक औषधेही चालू असली, तर जठरात व्रण होतात. बुरशी आलेला मका किंवा काळा पडलेला कडबा अजिबात देऊ नका. बुरशीच्या मक्याने घोड्याच्या मेंदूलाच इजा होते, आणि सुरुवातीला ते केवळ बुजरेपण वाटू शकते. सध्या कपाशीवर फवारण्या चालू असतील, म्हणून धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, गवत कापून आणतानाही विचारपूस करावी.

पायाला हात लावू देत नाही, याचे कारण सरळ आहे: गेले अनेक महिने त्या पायाकडे येणारा प्रत्येक हात दुखवण्यासाठीच आला. तिच्या समोरून किंवा मागून जाऊ नका, कारण कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीमागचे तिला दिसत नाही. आवाज देत, तिरपे, खांद्याकडून जा. आधी मानेच्या मुळाशी, खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर बोटांनी खाजवा. घोडी एकमेकांना तिथेच चावून खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेले आहे. मग हात खांद्यावरून खाली सरकवा आणि ती अंग चोरणार असे वाटण्याच्या दोन बोटे आधी थांबा. ती स्थिर असतानाच हात काढून घ्या. हा क्षणच साऱ्या कामाचे मर्म आहे. तिने पाय झाडल्यावर हात काढला तर पाय झाडल्याने सुटका होते हे ती शिकते. ती शांत असताना काढला तर शांत राहिल्याने सुटका होते हे शिकते. रोज थोडे खाली जाता येईल, काही दिवशी मागेही यावे लागेल. ड्रेसिंगसाठी ओठाला दोरीचा पीळ घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे. एखाद्या तातडीच्या वेळी डॉक्टर तसे करतीलही, पण रोजच्या कामात ती वापरली तर मिळवलेले सारे त्या दिवशी जाते.

दारापाशी ती थबकते, त्यात हट्ट नाही. घोड्याचे डोळे उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात जाताना आपल्यापेक्षा सावकाश जुळवून घेतात. दुपारच्या उन्हात काळोख्या गोठ्यातून तिला बाहेर ओढणे म्हणजे तिला क्षणभर आंधळे करून पुढे ढकलणे होय. पहाटे, उजेड सौम्य असताना आणि गावातली सोयाबीनची मळणी यंत्रे सुरू होण्यापूर्वी काढा. दारात उभी राहिली तर उभी राहू द्या. दोर सैल ठेवा, डोके उंच करून तिला दूरवर पाहू द्या. तिने मान खाली सोडली, ओठ चाटले, खोल श्वास टाकला, की एक पाऊल मागा. ते मिळाले की दोर ताबडतोब सैल करा. पहिल्या काही दिवसांत दाराबाहेर दोन पावले टाकून परत आणले तरी ते पुरेसे आहे, आणि परत वळायचे ते तिने वळण्याची घाई करण्यापूर्वी.

डॉक्टरांचा फिरवण्याचा तक्ता बहुधा दिवसातून दोनदा 5 ते 10 मिनिटांपासून सुरू होतो आणि आठवड्याला सुमारे 5 मिनिटांनी वाढतो. आपल्या घोडीचा आकडा त्यांच्याकडूनच घ्या आणि ती छान चालते म्हणून तो वाढवू नका. जागा निवडताना मी फार काटेकोर असतो. पांदण रस्ता ओळखीचा असला तरी तिथे बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात, आणि पावसानंतरची काळी जमीन पाय धरून ठेवते. खोल, भुसभुशीत जमिनीत कंडरेवर ताण वाढतो. सपाट, घट्ट मुरमाचा रस्ता सर्वांत चांगला. शक्य असेल तर वयस्क, शांत घोडा पुढे चालवा. त्याची चाल पाहून ती जे शिकेल ते आपण दोघांनी मिळून शिकवता येणार नाही. आपण तिच्या खांद्याशी चाला, पायात जाड बूट असावेत, आणि दोर हाताला कधीही गुंडाळू नये. ती दचकली तर खाली खेचू नका. मोठ्या वळणाने तिला भीतीच्या वस्तूकडे तोंड करून उभे करा. लहान गोल फिरवू नका, कारण आखूड वळणाने दुखऱ्या पायावर नेमका नको तो भार येतो. एवढे करूनही ती रोज उसळत असेल, तर डॉक्टर फिरवण्यापूर्वी सौम्य शामक औषध देऊ शकतात. कंडरेच्या रुग्णांत हे नेहमी करतात; त्यात कमीपणा मानू नये, पण मात्रा स्वतः ठरवू नये.

बँड, डीजे आणि फटाके यांचा विचार पाय पूर्ण सुटल्यावरच. तेव्हाही ती चारा खात असताना दूर, अगदी हळू आवाजात ध्वनिमुद्रित वाजंत्री लावून सुरुवात करा. तिने खाणे थांबवले तर आवाज जास्त झाला असे समजा. काटेरी लगाम घालू नका. ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनी तो निषिद्ध आहे, आणि भ्यालेल्या घोड्याच्या तोंडात वेदना घालून त्याला उभे करणे हा अपघाताला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

पुढच्या उन्हाळ्यात सोनोग्राफी चांगली आली आणि ती आवाजात खात राहिली, तर फटाके वाजणार नाहीत असे यजमानांकडून आधी कबूल करून घेऊन एखादी छोटी, दिवसाची वरात करून पाहता येईल. काही घोड्यांची ती भीती कायमची राहते, हेही आपल्याला सांगितले पाहिजे. तसे झाले तर तिला लगेच माळेगावच्या किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेऊ नका. अशा पायाने ट्रकमधला प्रवास आणि तिथली गर्दी तिला सोसणार नाही, आणि तिची किंमतही येणार नाही. पाय चालण्यापुरता बरा झाला असेल तर तिला पैदाशीसाठी ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तिचे वय त्याला अनुकूल आहे.