गोल चेहऱ्याला दाढी कशी कोरून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की चेहरा गोल आहे, दाढी दाट येते, पुढच्या महिन्यात लग्न आहे आणि सलूनवाला म्हणतोय, "जबड्याच्या हाडावर लाईन मारू, चेहरा बारीक दिसेल." त्या खुर्चीत बसू नका. निदान लग्न होईपर्यंत तरी नकोच.

एवढ्या तावातावाने सांगतोय, कारण कराडला आमच्या घरी हॉलमध्ये एक फ्रेम टांगलेली आहे. २०१३ साल, माझा साखरपुडा. त्यात बायको कॅमेऱ्याकडे बघतेय आणि मी छताकडे. अल्बममधल्या जवळजवळ सगळ्या फोटोंत मी छताकडेच बघतोय. का, ते सांगतो.

त्या वर्षी मी श्रावण पाळला होता. श्रावण संपला, गणपती बसले, उठले, तरी मी वस्तरा लावला नाही. नवरात्रात मुलगी बघायला गेलो तोवर दाढी चांगली भरली होती. माझा चेहरा म्हणजे भाकरी, त्याला त्या दाढीने पहिल्यांदाच हनुवटी मिळाली होती. मुलीकडून होकार आला. दाढीमुळे आला असं म्हणत नाही, पण दाढीसकट आला एवढं खरं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दादा (थोरला भाऊ) म्हणाला, "हे काय जंगल? चल, माझ्या माणसाकडं." त्या माणसाने खुर्ची मागे कलंडवली, फेस लावला आणि दादाने मागून फर्मान सोडलं, "जबडा दिसला पाहिजे, एकदम कडक." खुर्ची मागे गेली की हनुवटीखालची कातडी ताणली जाते. रेघ कुठे पडतेय ते आरशात आपल्याला दिसत नाही आणि ताणलेल्या कातडीवर त्यालाही नीट कळत नाही. मी उठून मान सरळ केली, तर जबड्याच्या हाडावर पट्टीने आखल्यासारखी रेघ, आणि तिच्याखाली तीन महिने ऊन न लागलेला पांढरट गळा. गोल चेहऱ्याच्या माणसाला हनुवटीखाली थोडं मांस असतंच. दाढी ते सावलीत ठेवते. ती सावलीच त्याने काढून टाकली होती. दादा म्हणाला, "बघ, आता कसा माणसात आलास."

दुसऱ्या दिवशी मुलीच्या आत्याने आईला विचारलं, "हे नवरदेवाचे धाकटे भाऊ का?" फोटोग्राफर बिचारा चांगला होता. दर फोटोला हळूच म्हणायचा, "साहेब, मान जरा वर." म्हणून छत.

तर रेघ कुठे हवी? कंठमण्याच्या लगेच वर आडवी दोन बोटं ठेवा. वरच्या बोटाची वरची कड म्हणजे दाढीची खालची हद्द. तिथून दोन्ही बाजूंना कानामागपर्यंत वर चढत जाणारा बाक. बस्स. हे मला साखरपुड्यानंतर महिन्याभराने दुसऱ्या एका म्हाताऱ्या न्हावीकाकांनी दाखवलं. एक शब्द न बोलता गळ्यावर दोन बोटं टेकवली आणि खाली वस्तरा फिरवला. महिन्याला दाढी साधारण सेंटीमीटरभर वाढते, त्यामुळे लग्नापर्यंत गळा झाकला गेला आणि लग्नाच्या फोटोंत मी समोर बघतोय.

दादाचं यावर एकच पालुपद, गेल्या कित्येक दिवाळ्या: "गळ्यावर दाढी ठेवायची तर सरळ महर्षी कर्वे हो." अरे बाबा, गळ्यावर दाढी मोकाट सोडणं वेगळं आणि गळ्यावर कड कोरणं वेगळं. शिवाय कर्व्यांना १९५८ साली, वयाच्या शंभरीत, भारतरत्न मिळालं ते त्या पांढऱ्याशुभ्र दाढीसकटच. जबडा कोरून घे असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

बाकी तुमच्या चेहऱ्याचं गणित सोपं आहे. कल्ल्यांपासून गालांपर्यंत बारीक, हनुवटीला लांब. बाजूला ५-६ मिलिमीटर, हनुवटीला १०-१२, आणि मधे एकदम पायरी दिसू नये म्हणून दोन्हींमधल्या मापाचा गार्ड (ट्रिमरवर बसवायची कंगव्यासारखी पट्टी) फिरवून घ्यायचा. चेहरा लांबट असता तर उलट सांगितलं असतं. ट्रिमर स्वतः चालवणार असाल तर मोठ्या आकड्यापासून खाली या, आणि दाढी कोरडी असताना, विंचरून. ओली दाढी लांब वाटते, आपण जास्त कापतो आणि वाळल्यावर ती आखडून वर जाते. गालावरची वरची कड शक्यतो आहे तिथेच राहू द्या, चुकार केस तेवढे काढा. ती खाली खोदत गेलात की गाल आणखी भरलेले दिसतात. लग्नाच्या आठेक दिवस आधी आकार देऊन घ्या म्हणजे चूक झाली तर भरून यायला वेळ राहील. आदल्या दिवशी फक्त कडा साफ करायच्या, तेही खुर्ची सरळ ठेवून, मान सरळ ठेवून, आणि दादालोकांना बाहेर बसवून.

हां, केस कुरळे असतील तर गळ्यावर वस्तरा फार खोल फिरवू देऊ नका. केस उलटे कातडीत शिरतात आणि ऐन हळदीत पुटकुळ्या येतात. तिथे नुसता बिनगार्डचा ट्रिमर पुरतो. आणि दाढी गालावर विरळ असती तर बाजूचा हिशेब वेगळा झाला असता, पण तुम्ही दाट म्हणताय.

एक कबूल करायला हवं. दादाला स्वतःला ती जबड्यावरची रेघ शोभते. त्याचा चेहरा लांबट, जबडा चौकोनी, हनुवटीखाली चिमटीत धरायलाही मांस नाही. त्याला हे मी अजून सांगितलेलं नाही. तुमचा चेहरा मात्र गोल आहे, असं तुम्हीच लिहिलंय.