लिंबू, अंडं, कोरफड, खोबरेल: सुरकुत्यांवर यातलं खरंच काय लागू पडतं?

आधी लिंबू बंद करा. बाकीच्या तिन्हींचं नंतर बघू.

लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व असतं, पण १०० ग्रॅममागे जेमतेम ५० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ०.०५ टक्के. सुरकुत्यांसाठीच्या सीरममध्ये ते १० ते २० टक्के असतं. रसात भरपूर असतं ते सायट्रिक आम्ल, आणि त्याने चेहऱ्याची आग होते. त्याहून वाईट म्हणजे सालीतून रसात उतरणारी काही द्रव्यं. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, मागे राहिलेले काळे डाग कित्येक महिने जात नाहीत. आणि सुरकुती होती तिथेच!

अंड्यातला पांढरा भाग वाळताना आकसतो, म्हणून कातडी ताणल्यासारखी वाटते. धुतलं की खेळ खलास.

खोबरेल आणि कोरफडीचा उपयोग आहे, पण कुठल्या रेषांवर ते समजून घ्या. त्वचा कोरडी पडल्याने दिसणाऱ्या बारीक रेषा ओलावा मिळाला की बुजतात. खोल सुरकुत्या पडतात त्या आतल्या थरातलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, तुटल्यामुळे. तिथवर तेल किंवा गर पोचत नाही. चेहरा धुऊन टिपल्यावर, ओलसर असतानाच ३-४ थेंब खोबरेल लावा. मुरुमं येत असतील तर मात्र नको, छिद्रं बुजतात. कोरफडीचं पान कापल्यावर कापलेली बाजू खाली करून १५ मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक निथळू द्या, खाज त्यानेच सुटते. मग पान धुऊन, सोलून आतला पारदर्शक गर घ्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा.

कोलॅजन मोडणारा मोठा शत्रू ऊन. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ९०० हून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आले: रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत म्हणण्यासारखी म्हातारी झाली नाही. सनस्क्रीनचा एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा) ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीभर, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच, वाटाण्याएवढं लावतात. खिडकीशी बसून काम असेल तरी लावा, उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण काचेतून आत येतात.

पडलेल्या सुरकुत्या कमी करायच्या असतील तर ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या वर्गातलं, त्वचेला लावायचं औषध), तेही त्वचारोगतज्ज्ञांना विचारून, रात्रीच. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते वापरायचं नाही.