लोकांच्या पैशाचा हिशेब सांभाळणं हाही पेशाच आहे

फोंडा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी वाणिज्यला आहे. गेली काही वर्षं ती सुट्टीच्या दिवशी विशेष मुलांच्या शाळेत मदतीला जाते. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती कॉलेजात तिने 'नॉनप्रॉफिट लीडरशिप अँड ॲडमिनिस्ट्रेशन' (सेवाभावी संस्था चालवण्याचं शिक्षण) या पदवीसाठी अर्ज केला, प्रवेश मिळाला आणि थोडी शिष्यवृत्तीही मिळणार आहे. वडील गावच्या देवस्थान समितीवर खजिनदार आहेत. ते विचारतात: सेवेला पदवी कशाला लागते? आपण हिंदू माणसं, मुलीला ख्रिस्ती कॉलेजात पाठवावं का? आणि यातून तिचं पोट भरेल का?

नमस्कार,

"सेवा करायची तर फुकट करावी, पगार घेऊन कसली सेवा," असं तुम्ही लिहिलं आहे. आधी त्याबद्दल बोलतो, कारण बाकीची सगळी भीती तिथूनच आलेली दिसते.

तुम्ही खजिनदार आहात. अंदाजपत्रक करता, ते मामलेदार कचेरीत जातं, पावतीपुस्तकं तपासता, महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांच्या, सभेत कुणी उठून प्रश्न विचारला तर उत्तर देता. तीन वर्षांनी निवडणूक झाली की सगळी कागदपत्रं पुढच्या समितीच्या हवाली करता. मुलीला जो विषय शिकायचा आहे तो हाच. फरक एवढाच की तुमचं घर तुमच्या धंद्यावर चालतं, म्हणून संध्याकाळचे दोन तास तुम्ही देवाच्या कामाला देऊ शकता. ज्या संस्थेत रोज मुलं येतात, शिक्षक आहेत, गाडी आहे, स्वयंपाकघर आहे, तिथे दोन तासांत भागत नाही. कुणाला तरी सकाळी नऊला येऊन बसावं लागतं. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी वेळेवर भरायचा, ऑडिट करून घ्यायचं, देणगीदाराला करसवलतीचं प्रमाणपत्र पाठवायचं, सरकारी अनुदानाचा विनियोग दाखला द्यायचा. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खालची नोंदणी पाच वर्षांचीच असते. नूतनीकरणाचा अर्ज राहून गेला तर पैसा थांबतो आणि त्याची झळ मुलांना लागते. एवढी जबाबदारी ज्याच्या डोक्यावर आहे त्याने पगार घेतला म्हणून मुलांच्या तोंडचा घास काढला असं होत नाही. उलट त्या खुर्चीत फुकटात कुणीही बसवलं तर घास जायची भीती जास्त. हे मी मनापासून सांगतो, कारण चांगल्या मनाच्या माणसांनी काढलेल्या संस्था निव्वळ कागदपत्रांच्या हलगर्जीपणाने बंद पडताना पाहिल्या आहेत.

तेव्हा मुलीने विषय चुकीचा निवडलेला नाही. माझी हरकत आहे ती बारावीनंतर लगेच तो अमेरिकेत शिकण्याला.

या विषयात माणसं सांभाळणं, विश्वस्त मंडळाचं काम, निधी उभारणी, प्रकल्पाचा परिणाम मोजणं हे भाग असतात आणि ते कुठेही शिकले तरी उपयोगी पडतात. पण निम्मा विषय कायद्याचा आणि हिशेबाचा असतो, आणि कायदा त्या त्या देशाचा असतो. तिथे ती अमेरिकन करकायद्याच्या कलम 501(सी)(3) खाली संस्थेला करमाफी कशी मिळते आणि फॉर्म 990 हे वार्षिक विवरणपत्र कसं भरायचं ते शिकेल. इथे परत आली की समोर 1860चा संस्था नोंदणी कायदा, सार्वजनिक न्यास, नाहीतर 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची कंपनी. परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि 2020च्या दुरुस्तीनंतर त्यातला 20 टक्क्यांहून जास्त भाग प्रशासकीय खर्चावर घालता येत नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांकडे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी खर्च करायचा, पैसा मागायला जायचं तर कंपनी कायद्याचं कलम 135 नीट माहीत हवं. कोणत्या कंपनीला नफ्याचे 2 टक्के खर्च करणं बंधनकारक आहे आणि त्यातून काय करता येतं, हे विचारलं की तिथे उत्तर द्यावं लागतं. चार वर्षं दुसऱ्या देशाचा कायदा शिकून आलेली मुलगी इथे पहिली दोन वर्षं पुन्हा शिकाऊच राहील.

आता धर्माचं. कॉलेज ख्रिस्ती आहे एवढ्यावरून घाबरायचं कारण मला दिसत नाही. गोव्यात कित्येक हिंदू घरांतली मुलं सिस्टरांच्या आणि पाद्रींच्या हाताखाली शिकून मोठी झाली आणि घरचे देव्हारे होते तिथेच आहेत. शिवाय आपल्याकडे संविधानाच्या कलम 28(3)चं संरक्षण आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कुणाला धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. मुलगी अल्पवयीन असेल तर ती संमती पालकांची लागते. या क्षेत्राचा इतिहासही पाहा. भारतात समाजकार्याचं पहिलं व्यावसायिक शिक्षण 1936 साली मुंबईत सुरू झालं, ती संस्था आज टीआयएसएस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणून आपण ओळखतो. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनबरोबर आलेले मिशनरी होते, आणि नागपाड्याच्या वस्तीत त्यांनी आधी काम केलं होतं.

अमेरिकेत मात्र चित्र वेगळं आहे, आणि तिथली सगळी ख्रिस्ती कॉलेजं सारखी नाहीत. जॉर्जटाउन किंवा शिकागोचं लोयोला यांसारखी जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाची) विद्यापीठं कुठल्याही धर्माच्या विद्यार्थ्याला घेतात. पण काही प्रोटेस्टंट कॉलेजांत ठरलेल्या प्रार्थनासभांना हजेरी सक्तीची असते, बायबलचे विषय पदवीचा भाग असतात आणि वागणुकीच्या करारावर सही करावी लागते. खासगी संस्था म्हणून त्यांना तो अधिकार आहे, आणि त्या हे उघडपणे सांगतातही. मुलीला ते चालणार असेल तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. मला जास्त काळजी नोकरीची वाटते. अशा कॉलेजाच्या ओळखी बहुधा चर्चशी जोडलेल्या संस्थांत असतात, आणि 1964च्या नागरी हक्क कायद्याने धार्मिक संस्थांना स्वतःच्या धर्माच्या माणसांना नोकरीत प्राधान्य द्यायची मुभा ठेवली आहे. म्हणजे तिच्या वर्गमैत्रिणींना जी दारं आपोआप उघडतील, त्यातली काही तिला बंदच असतील. हे माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही.

खर्चाचंही मोकळेपणाने बोलू. थोडी शिष्यवृत्ती धरूनही राहण्याजेवणासकट चार वर्षांचा आकडा कोटीच्या पुढे जायला वेळ लागत नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला 20 तास काम करता येतं, त्यातून हातखर्च निघेल, फी निघणार नाही. शिकून झाल्यावर कामाची परवानगी 12 महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांना मिळणारी वाढीव मुदत या विषयाला मिळत नाही. नोकरीसाठी लागणाऱ्या एच-1बी व्हिसाच्या सोडतीतून सूट विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना आहे, साध्या सेवाभावी संस्थेला नाही. आणि इथे या क्षेत्रातला सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, त्यावर कोटीचं कर्ज फिटणार नाही. मुलगी हुशार आहे म्हणून घर गहाण टाकू नका.

मी तिच्या जागी असतो तर पदवी इथेच घेतली असती. पणजीच्या डॉन बॉस्को कॉलेजात समाजकार्याची पदवी आहे. तेही ख्रिस्तीच कॉलेज, आणि घरून बसने जाता येईल. थोडं लांब चालत असेल तर मंगळुरूचं रोशनी निलय किंवा मुंबईचं निर्मला निकेतन, दोन्ही नन्सनी उभी केलेली आणि नावाजलेली. समाजकार्याच्या पदवीत क्षेत्रकार्य सक्तीचं असतं, आणि तिथेच कळतं की हे काम आपल्याला झेपणारं आहे की नाही. तिचं हिशेबात डोकं चालत असेल (वाणिज्यला आहे म्हणून विचारतो) तर सरळ बीकॉम करून सोबत एखाद्या संस्थेच्या कार्यालयात काम करणं मला जास्त पसंत आहे. संस्थांना कळवळ्याची माणसं मिळतात, ताळेबंद वाचणारी मिळत नाहीत. त्यानंतर दोन वर्षं नोकरी, मग पदव्युत्तर शिक्षणाला टीआयएसएस, आणंदची ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी इर्मा किंवा रांचीची जेझुइटांची समाजसेवा संस्था एक्सआयएसएस. तेव्हा अमेरिकाही पुन्हा विचारात घेता येईल, पण पदव्युत्तर शिक्षणासाठी: दीड-दोन वर्षांचा खर्च, आणि अनुभव असल्याने शिष्यवृत्तीची शक्यताही बरी.

गोव्यातच राहायचा तिचा हट्ट असेल तर जागा मोजक्या आहेत हे तिला आत्ताच सांगा. मानसिक आरोग्यातली संगाथ, विशेष मुलांसाठीचं लोकविश्वास प्रतिष्ठान, चर्चची सेवासंस्था कॅरितास, कंपन्यांचे सीएसआर विभाग अशी नावं घेता येतात, पण तिला काही वर्षं मुंबई-पुण्याला किंवा बेंगळुरूला काढावी लागतील असं धरून चाला.

तरीही तिचं मन तिथेच असेल तर जागा राखण्यासाठी पैसे भरण्याआधी तिने स्वतः कॉलेजला ईमेल करावा. प्रार्थनासभेची हजेरी माझ्यावर बंधनकारक आहे का? कुठल्या करारावर सही करावी लागेल, त्याची प्रत पाठवा. गेल्या काही वर्षांत या विषयात पदवी घेतलेले ख्रिस्ती नसलेले परदेशी विद्यार्थी आज कुठे काम करतात? शिष्यवृत्ती चारही वर्षं मिळणार का, आणि किती गुणांखाली ती काढून घेतली जाते? उत्तरं लेखी मागवा. फोनवर गोड बोलून कुणी विषय टाळत असेल तर पैसे भरू नका. आलेली उत्तरं मला पाठवा, मी मुलीशी बोलतो. तिच्याशी बोलताना तुम्ही शेजारी बसलात तरी चालेल, पण उत्तरं तिला देऊ द्या.