वाचक विचारतात : ओडिनचे आजोळ

प्रश्न : आमच्याकडे दंडारीत (गावच्या लोकनाट्यात) राक्षस आला की लेकरं आईच्या पदराआड लपतात. नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियाच्या) पुराणातले राक्षसही असेच दुष्ट असतात काय जी?
– एक शिक्षक, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : सगळे नाही, गुरुजी. मी स्वतः दंडारीत राक्षस रंगवले, म्हणून या मंडळींवर माझी माया आहे. देवांचा प्रमुख ओडिन याची आई बेस्टला राक्षसकुळातलीच, म्हणजे ते त्याचे आजोळ! तरी त्याने नि भावांनी आद्य राक्षस इमिरला मारून त्याच्या मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र, कवटीचे आभाळ केले.

माझी लाडकी राक्षसकन्या स्काडी. देवांनी तिचा बाप मारला, तेव्हा ती शस्त्रे घेऊन एकटी देवांच्या आस्गार्डवर चालून गेली. भरपाईत तिला देवांमधला नवरा निवडायला मिळाला, पण फक्त पाय पाहून! हवा होता देखणा देव बाल्डर. मिळाला समुद्रदेव न्योर्ड. तिला डोंगर सोडवेना, त्याला समुद्र. संसार मोडला.