एरर येत नाही, मग मार्गदर्शक कशाला?

प्रश्न : व्हिडिओ पाहून पायथन शिकतो आहे. प्रोग्रॅम चालतात, एरर आली तर शोधून सोडवतो. तरीही एखादा अनुभवी मार्गदर्शक हवाच, असं सगळे सांगतात. त्याचा नेमका उपयोग काय? आणि त्याला विचारायचं काय?

उत्तर : नुसत्या एरर सोडवायला मार्गदर्शकाची गरज नाही. ट्रेसबॅकची, म्हणजे एरर आल्यावर पायथन दाखवतो त्या मजकुराची, शेवटची ओळ आधी वाचा, मग तिच्या वरचा ओळ क्रमांक पाहा. बहुतेक वेळा तिथेच उलगडा होतो. माणूस लागतो तो एरर न देणाऱ्या चुकांसाठी.

उदाहरणार्थ, लिस्टमधले सम आकडे काढून टाकायचे आहेत. तुम्ही त्याच लिस्टवर फॉर लूप लावून, म्हणजे एकेक आकडा क्रमाने तपासत, सम आकडे रिमूव्ह करता. १, २, ३, ४ देऊन पाहिलं तर १, ३ उरतात. उत्तर बरोबर! आता २, ४, ५ द्या: ४ तसाच राहतो. कारण २ काढल्यावर ४ सरकून पहिल्या जागी येतो, पण लूप तोवर दुसऱ्या जागेकडे गेलेला असतो. नवी लिस्ट तयार केली की प्रश्न मिटतो. जाणत्या माणसाला हे कोड न चालवताच दिसतं. शिकणाऱ्याला मात्र शंकाच आलेली नसते, मग तो शोधणार तरी काय?

फंक्शनच्या पॅरामीटरला डीफॉल्ट (कॉल करताना काही दिलं नाही तर वापरायची किंमत) म्हणून रिकामी लिस्ट देणं हीसुद्धा त्यातलीच गोष्ट. ती लिस्ट फंक्शन बनतं तेव्हा एकदाच तयार होते, त्यामुळे पहिल्या कॉलमध्ये भरलेलं दुसऱ्या कॉलमध्ये निघतं. डीफॉल्ट ‘नन’ (None, म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवा आणि लिस्ट फंक्शनच्या आत बनवा. वापरकर्त्याने टाइप केलेलं नाव थेट एसक्यूएल क्वेरीच्या (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाच्या) मजकुरात जोडणं तर धोक्याचंच. तिथे क्वेरीचे पॅरामीटर वापरायचे, म्हणजे नाव क्वेरीच्या मजकुरापासून वेगळं द्यायचं.

तेव्हा ‘अडलंय’ एवढंच सांगू नका, चालणारा कोड दाखवा. एका वेळी पन्नास-साठ ओळी, फार तर शंभर. पाचशे ओळी पाठवल्या तर समोरचा वरवर चाळून ‘छान आहे’ म्हणेल. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) लहान कमिट, म्हणजे बदलांच्या छोट्या नोंदी, करत गेलात, तर तुमचा विचार कुठे वळला तेही त्याला कळतं. प्रश्न असा ठेवा : हा कोड कोणत्या इनपुटला मोडेल?

खरोखर अडलात तर अर्धा तास स्वतः झगडा. मग काय अपेक्षित होतं, काय झालं, काय करून पाहिलं हे लिहा आणि एररचा पूर्ण मजकूर जोडा. स्क्रीनचा फोटो नको. त्यातून कोड कॉपी करून चालवता येत नाही. चूक दाखवणारा सर्वांत छोटा तुकडा वेगळा काढताना निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

प्रश्न : माझे मार्गदर्शक हुशार आहेत, पण दर वेळी कीबोर्ड घेऊन स्वतःच कोड दुरुस्त करतात. मला काहीच कळत नाही. काय करू?

उत्तर : ही तक्रार आमच्या मते रास्त आहे. दुरुस्ती पाहताना समजल्यासारखं वाटतं, पण एकट्याने बसल्यावर पहिली ओळ सुचत नाही. ‘मी टाइप करतो, तुम्ही फक्त ओळ क्रमांक सांगा,’ असं स्पष्ट म्हणा. तरी त्यांनी कोड बदललाच, तर तो फाइलमधून काढून टाका आणि दुसऱ्या दिवशी न पाहता पुन्हा लिहा. जिथे अडाल, तेवढंच त्यांना विचारा. एवढं करूनही ते कीबोर्ड सोडत नसतील, तर त्यांना लेखी अभिप्राय मागा. समोर बसायची गरज नाही.