प्युरिटनांनी आपल्याच माणसांना हद्दपार का केले?

प्रश्न : इंग्लंडमधील धार्मिक छळाला कंटाळून प्युरिटन लोक (इंग्लंडचे चर्च अधिक शुद्ध करू पाहणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) अमेरिकेत गेले, असे आपण वाचतो. मग मॅसॅच्युसेट्समध्ये वेगळे मत मांडणाऱ्यांना त्यांनीच हद्दपार का केले? हा दुटप्पीपणा नव्हे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : छळाची हकिकत खरी आहे, परंतु ज्याने त्याने आपापल्या मताप्रमाणे उपासना करावी, अशी वसाहत उभारण्यासाठी प्युरिटनांचे पुढारी जॉन विन्थ्रॉप आणि त्यांचे सोबती १६३० मध्ये निघालेच नव्हते. त्यांना हवा होता तो त्यांच्या दृष्टीने शुद्ध असलेला धर्म आणि त्या धर्मावर चालणारे राज्य. १६३१ पासून तेथे चर्चचा सभासद असलेल्या पुरुषालाच मताचा अधिकार मिळू लागला. त्यामुळे धर्मोपदेशकाविरुद्ध बोलणे हे राज्याविरुद्ध बोलण्यासारखेच ठरले. म्हणूनच मी याला दुटप्पीपणा म्हणणार नाही. त्यांची भूमिका सुसंगत होती, आणि नेमकी त्यामुळेच ती निर्दय झाली.

ॲन हचिन्सन यांच्या खटल्यात हे स्पष्ट दिसते. उद्धार केवळ ईश्वरी कृपेने होतो, आचरणाच्या पुण्याईने नव्हे, हा प्युरिटनांचा मूळ सिद्धांत. मात्र सदाचरण हे त्या कृपेचे लक्षण मानावे, असे बहुतेक धर्मोपदेशक सांगत. हे पुन्हा कर्मावरच विसंबणे झाले, असे सुईणीचे काम करणाऱ्या या बाई बॉस्टनमध्ये आपल्या घरी भरणाऱ्या बैठकांतून सांगू लागल्या, आणि तेथे पुरुषही येऊ लागले. नोव्हेंबर १६३७ मध्ये न्यायालयासमोर उभ्या असताना, वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे हे बायबलमधील वचन त्यांनी पुढे केले आणि प्रश्नकर्त्यांना बराच वेळ निरुत्तर केले. अखेर ईश्वराने आपल्याला थेट साक्षात्कार दिल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले, आणि बायबलनंतर असा थेट साक्षात्कार होत नाही असे मानणाऱ्या न्यायालयाला हवे ते मिळाले. आपल्याला कशासाठी हद्दपार केले जात आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा गव्हर्नर विन्थ्रॉप यांनी उत्तर दिले की, अधिक बोलू नका, कारण न्यायालयाला ठाऊक आहे आणि न्यायालयाचे समाधान झाले आहे. आरोपीला शिक्षेचे कारण न सांगणारे हे वाक्य मला त्या साऱ्या व्यवस्थेवरचा सर्वांत मोठा ठपका वाटतो.

त्यापूर्वी १६३५ मध्ये धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स यांनाही हद्दपारीची शिक्षा झाली होती. ते धर्माच्या बाबतीत सैल होते, हा समज चुकीचा आहे. उलट ते इतके कडवे होते की, राज्यसत्तेच्या स्पर्शाने चर्च भ्रष्ट होते, या निष्कर्षाला ते पोहोचले. नॅरागॅन्सेट या तेथील मूळ रहिवासी लोकांकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवले; पुढे ते ऱ्होड आयलंड या वसाहतीचा भाग झाले.

मतभेद मात्र हद्दपारीने मिटले नाहीत. हचिन्सन यांना चर्चमधून बहिष्कृत केले, तेव्हा त्यांच्यासोबत उठून बाहेर पडलेल्या मेरी डायर पुढे क्वेकर (धर्मोपदेशकांशिवाय, अंतरीच्या ईश्वरी प्रकाशावर विसंबणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायी) झाल्या आणि बंदी मोडून पुन्हा पुन्हा बॉस्टनला परतल्या; १ जून १६६० रोजी त्यांना तेथे फाशी देण्यात आले. तीनच वर्षांनी राजा दुसरा चार्ल्स याच्या सनदेने ऱ्होड आयलंडमध्ये धर्ममताच्या स्वातंत्र्याला कायद्याचा आधार मिळाला. मॅसॅच्युसेट्सने घालवून दिलेल्यांनीच ती वसाहत उभी केली होती.