पासवर्ड आधी मुलीला द्या

प्रश्न: मुलगी बारावी झाली, सीईटीला ९४ पर्सेंटाइल. तिला ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घेऊन पुढे लांब पल्ल्याच्या ऑप्टिकल फायबर यंत्रणा डिझाइन करायच्या आहेत. केबल टाकायचं काम मुलीने कशाला करावं? मी तिच्या लॉगिनने प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म (शाखा-कॉलेजांचा पसंतीक्रम) भरलाय, फक्त कॉम्प्युटर आणि आयटी. कन्फर्म करायचा बाकी आहे. ती माझ्याशी बोलत नाही. तिची समजूत कशी घालू?
— एक वडील, मुलुंड

उत्तर: तिची समजूत मी घालणार नाही. तिचा फॉर्म तिला न विचारता भरलात आणि वर ती बोलत का नाही म्हणून काळजी करताय! चार वर्षं सबमिशन, व्हायवा, केटीची धास्ती हे सगळं तिला काढायचंय, तुम्हाला नाही. घरात कोणती शाखा घ्यायची यावर भांडण होणं मी समजू शकतो. पण भांडण न करताच निकाल लावून टाकलात, हे मला खटकलं. आणि पत्रभर तिला हे क्षेत्र का आवडलं, याबद्दल एक ओळ नाही. विचारलंत तरी का?

आता केबलबद्दल. रस्ता खणून केबल टाकणं, फायबर जोडणं हे कसबाचं काम आहे, पण तिला करायचंय ते वेगळं. उत्तम फायबरमध्येही दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल प्रकाश कमी होतो. म्हणजे १०० किलोमीटरवर २० डेसिबल; दर १० डेसिबलला दहावा भाग उरतो, म्हणून शेवटी शंभरातला एक भाग उरतो. म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर अर्बियम या धातूचा वापर करून प्रकाश वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर बसवतात. पण प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर थोडा नॉइजही (नको असलेला प्रकाश) भरतो. मग सुरुवातीलाच जास्त पॉवर का सोडू नये? कारण प्रकाश फार तीव्र झाला की काचेचा अपवर्तनांकच (प्रकाश काचेत किती मंदावतो ते सांगणारा आकडा) बदलू लागतो आणि एकाच फायबरमधून शेजारशेजारच्या तरंगलांबींवर जाणारे सिग्नल एकमेकांना बिघडवतात. कमी पॉवरला नॉइज, जास्त पॉवरला ही गडबड. यातला मधला बिंदू हजारो किलोमीटरच्या मार्गासाठी गणिताने काढायचा, हे डिझाइन. वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्री केबलमागे हेच गणित आहे.

मुलीलाही एक स्पष्ट सांगतो. बीईला या विषयाचा एखाददुसरा पेपर असतो, तेवढ्यावर कोणी डिझाइनला बसवत नाही. गेट या प्रवेश परीक्षेमार्गे एमटेक, बहुधा पुढे पीएचडीही धरून चाल. फूरिये (सिग्नल वेगवेगळ्या वारंवारतांत मोडायचं गणित), प्रोबॅबिलिटी आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सचा कंटाळा येत असेल, तर हे क्षेत्र नको. अशी उपकरणं बनवणाऱ्या देशी कंपन्यांचं काम मुख्यतः बंगळुरूला चालतं, त्यामुळे मुंबई सोडायची तयारी हवी. बाबा, खरी भीती इथेच तर नाही ना? असेल तर तसं तिला सांगा, केबलचं निमित्त नको.

सिग्नल प्रोसेसिंगचं बरंच काम आज कोडमध्येच होतं, त्यामुळे हे सगळं ऐकून ती स्वतःहून कॉम्प्युटर घेईलही. चालेल. पण फॉर्म कन्फर्म करायच्या आत लॉगिन तिच्या हातात द्या.